नळावर गप्प राहिले, त्याचं काय करू?

वाचकाचं पत्र

काकू, मी खानापूर तालुक्यातल्या एका गावची. वय २६. बी.कॉम. झाले आहे, रोज बसने येऊन बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघते. दिवाळीनंतर आमच्या गावाबाहेर ऊसतोडीची टोळी उतरली आहे, विजापूरकडची. बारा-तेरा खोपी असतील. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड, सकाळी सहाला, तासभर पाणी येतं. मागच्या आठवड्यात त्या टोळीतली एक मुलगी, असेल नऊ-दहा वर्षांची, काखेत लहान भाऊ आणि हातात तेलाचा रिकामा कॅन घेऊन नळावर आली. लाल फ्रॉक, पाठीमागची चेन तुटलेली, तिथे सेफ्टी पिन लावलेली. 'अक्का, नीर' एवढंच म्हणाली. रांगेतल्या एकीनं तिला हाकललं, 'इथं आम्हालाच पुरेना!' मी तिथंच होते. माझी घागर भरत आली होती. मी गप्प राहिले. ती पोर काही न बोलता वळली आणि गेली.

तेव्हापासून झोप नीट लागत नाही. घरी बोलले तर भाऊ म्हणाला, 'आपल्या मराठी शाळेत अकरा पोरं उरलीत, त्याचं कुणाला पडलंय? आधी आपलं बघ.' मैत्रिणी म्हणतात, काहीतरी सामान वाट आणि त्याचा रील टाक, चार लोक पुढे येतील. कॉलेजात असताना एका शिबिरात आम्हाला सांगितलं होतं की करुणा, कल्पकता आणि धाडस या तीन गोष्टी असल्या की जग चांगलं करता येतं. मला वाटतं माझ्याकडे पहिली आहे, दुसरी थोडीफार असेल, तिसरी नाहीच. मग माझ्यासारखीनं काय करायचं?

एक वाचक, खानापूर तालुका

काकूंचं उत्तर

लेकी,

तू लिहिलंस त्यातली ती सेफ्टी पिन मी आधी धरते. त्या दिवशी रांगेत पंधरा-वीस बायका तरी असतील. त्यातल्या किती जणींना ती पिन दिसली असेल? तुला दिसली, आठवडाभर डोळ्यांसमोरून हलली नाही आणि शेवटी ती तू कागदावर उतरवलीस. करुणा करुणा म्हणतात ती हीच. दया आणि करुणा यांत मी फरक करते. दया आली की माणूस खिशात हात घालतो, काहीतरी देतो आणि मोकळा होतो. करुणेतून असं मोकळं होता येत नाही. तुझी झोप गेली ती त्यामुळेच.

मात्र एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही. फ्रॉकचा रंग आहे, कॅन आहे, काखेतला भाऊ आहे, त्या मुलीचं नाव नाही. ते तुला ठाऊकच नसणार, दोष देत नाही मी. 'निन्न हेसरु येनु' एवढं कन्नड तुला येतंच. सुरुवात तिथून कर.

हाकलणाऱ्या बाईविषयीही चार शब्द. तिचा तू फार राग धरू नकोस. एक दिवसाआड तासभर पाणी, ते भरायचं, भाकऱ्या थापायच्या, पोरांचे डबे, मग काजूच्या कारखान्यात नाहीतर कुणाच्या शेतात कामाला पळायचं. 'आम्हालाच पुरेना' हे ती खोटं बोलली नाही. नळावर तिच्याशी भांडून तू जिंकलीस तरी ती मुलगी परवा पुन्हा यायला घाबरणारच. पुढचे चार महिने त्या मुलीला रोज जे पाणी लागणार आहे, त्यासाठी ती बाई तुझ्या बाजूला हवी.

आता माझी एक आठवण सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा सगळ्या एकदम फुगल्या. चिकोडी-निपाणी भागातली गावंच्या गावं उठवून शाळांत, मंगल कार्यालयांत आणून ठेवली होती. आम्ही काही बायकांनी बेळगावात घरोघरी फिरून एक टेम्पो भरला. साड्या, ब्लँकेटं, बिस्किटांचे खोके. चिकोडी तालुक्यातल्या एका शाळेत पोचलो तर व्हरांड्यात बिस्किटांच्या खोक्यांची आधीच थप्पी लागलेली. आमच्या आधी आलेल्या सगळ्यांनी तेच आणलं होतं. पायरीवर एक साठीतली बाई बसली होती. तिच्या हातात दावं होतं आणि दाव्याच्या दुसऱ्या टोकाला पावसात उभी म्हैस. मी बिस्किटांचा पुडा पुढे केला. तिनं तो घेतला, पदरात ठेवला आणि अगदी शांतपणे विचारलं, "हिच्यासाठी काय आणलंय?"

म्हशीच्या बरगड्या मोजता येत होत्या. तिला एकटी सोडून ती बाई वर्गात झोपायलाही जात नव्हती, दावं हातात धरून पायरीवरच डोळा लागेल तेवढा. दहा ठिकाणची माणसं तिच्यासमोर येऊन गेली होती आणि एकाचीही नजर दाव्याच्या त्या टोकाला गेली नव्हती. माझीही नाही. आम्ही परत फिरलो आणि येळ्ळूर, मच्छे भागातल्या ओळखीच्या घरी पिंजर, म्हणजे भाताचा वाळला पेंढा, मागितली. पैसे मागायला गेलं की लोक पन्नास प्रश्न विचारतात, पिंजरीला एकानंही विचारलं नाही. ज्याच्या गोठ्यात जनावर आहे त्याला उपाशी म्हैस म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. दोन दिवसांत ट्रॅक्टरची ट्रॉली भरली. आमचं मन पहिल्या खेपेलाही चांगलंच होतं गं. दुसऱ्या खेपेला त्या बाईचा प्रश्न आमच्याबरोबर होता, एवढाच फरक.

शिबिरात ज्याला कल्पकता म्हणाले त्याला आपल्या घरातला शब्द आहे, युक्ती. ती कुणाच्या डोक्यात जन्मतः नसते. समोरच्याचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत नीट बघितला की ती सापडते. तुझ्या उद्यमबागेच्या पुढे टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे, कधी उतरून बघ. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्षपदी बसले ते आयुष्यात तेवढं एकदाच. पण मला नेहमी कौतुक वाटतं ते मांडव पडण्याआधी 'एवढी माणसं येणार, पिणार काय?' असं विचारणाऱ्याचं. त्यासाठी ती विहीर खोदली. अधिवेशन उठून गेलं, विहीर राहिली, आणि पुढे शहरात टंचाई आली तेव्हा अशा जुन्या विहिरी उपसून लोकांनी पुन्हा वापरात आणल्या.

तर त्या मुलीचा दिवस बघू. टोळीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामाआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत दोघांना सुटका नाही. पहाटे अंधारातच फडात जायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून जे चार पैसे येतात त्यात मीठ-मिरची. अशा घरात थोरली मुलगी असेल तर खोपी, चूल, पाणी आणि धाकटं भावंड हे सगळं तिचं. म्हणजे नळावर तू पाहिलंस ते लहान पोर पाणी मागायला आलेलं नव्हतं, एका घराची कारभारीण आली होती.

आता उद्या कुणी उत्साहानं जाऊन तिच्या आईला म्हणेल, 'मुलीला शाळेत घाला.' आई मान डोलावेल आणि मुलगी येणार नाही. कारण ती शाळेत बसली तर काखेतल्याला बघायचं कुणी? तिला शाळेत आणायचं असेल तर आधी त्या बाळाची सोय बघायला हवी. युक्ती लागते ती इथं. बाळ तीन वर्षांचं झालं असेल तर अंगणवाडीत बसू शकतं. गावचं नसलं, चार महिन्यांसाठी आलेलं असलं तरी अंगणवाडीचं दार त्याला बंद नाही. तिनाच्या आतलं असेल तर त्याचा पोषण आहार तरी अंगणवाडीतून मिळतो आणि लसी राहिल्या असतील तर आशाताईंना सांगता येतं. शिवाय कर्नाटकात २०२३ पासून ग्रामपंचायतींमधून 'कूसिन मने' नावाची पाळणाघरं सुरू झाली आहेत, मुळात रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांच्या लहान लेकरांसाठी. तुमच्या पंचायतीत आहे का, आणि या बाळाला घेतील का, हे पीडीओंना, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना, जाऊन विचार. नसेल तर गावातली एखादी आजी शोध, जिच्या अंगणात चार पोरं आधीच खेळतात. त्या आजीला काय हवं ते विचार. बहुतेक तिला वाढं हवं असेल, कारण तिच्या दाराशी एखादी शेळी असणारच, आणि वाढं टोळीकडे आहे. बघ, दोन्हीकडची गरज एकमेकींना भेटते का ते.

शाळेचं कायद्यानं सोपं आहे, माणसांनी अवघड केलंय. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या कुठल्याही मुलाला वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो. आधीच्या शाळेचा दाखला नाही, जन्माचा दाखला नाही, म्हणून परत पाठवता येत नाही. वयाला शोभेल त्या वर्गात बसवायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला मदत करायची, असं त्यात स्पष्ट आहे. शाळेत बसली की दुपारचा बिसी ऊट, म्हणजे गरम जेवण, आणि दूध तिलाही. हे मुख्याध्यापकांना ठाऊक असतंच. तू जाऊन कलमं ऐकवू नकोस. 'सर, एक मुलगी घेऊन येऊ का?' एवढंच विचार. अडले तर मग कायदा आहेच.

भाषेचं मात्र तुला वाटतं तेवढं सोपं नाही. तुमची शाळा मराठी, ती मुलगी घराबाहेर कन्नड बोलते, घरात कदाचित लमाणी बोलत असेल. चार महिन्यांसाठी तिला मराठी मुळाक्षरं गिरवायला लावण्यात मला काही अर्थ दिसत नाही. चालत जाता येईल अशी कन्नड शाळा जवळ असेल तर तिनं तिथंच जावं आणि तू तिला सोडायची व्यवस्था करावीस. शाळेचा पट वाढावा म्हणून परक्या पोरीचं नाव आपल्या हजेरीत घालणं मला पटत नाही, हे तुझ्या भावालाही सांग. पण जवळ कन्नड शाळा नसेल तर तुमच्या मराठी शाळेत तिला बसू दे, आणि तिथं एक करून बघ. आपल्या पोरांना शाळेत कन्नड शिकावं लागतंच. अक्षरं येतात, वाचतात, पण बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही. मी शिक्षिका होते, मला हे चांगलं माहीत आहे. कन्नडच्या तासाला या मुलीला पुढे उभी कर. ती विचारेल, बाकीची पोरं उत्तर देतील. चुकली की ती हसेल, तीही हसतील. ज्या गावच्या नळावरून हाकललं त्याच गावच्या पोरांना ती शिकवते आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आण. तिला काही देण्यापेक्षा तिच्याकडून काही घेणं मला जास्त मोलाचं वाटतं.

तुझ्या भावाचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. ते खोटं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची रेषा ओढली गेली आणि आपण मराठी माणसं तिच्या अलीकडे, कर्नाटकाच्या बाजूला राहिलो. त्याच्या निषेधात दर १ नोव्हेंबरला निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत मी स्वतः चालले आहे, एकदा नाही, कितीतरी वर्षं. महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडून आहे. मराठी शाळेत अकरा पोरं उरणं म्हणजे काय, हे कळण्यासाठी मला आकडा बघावा लागत नाही. मोकळ्या वर्गातून चालताना आपल्याच चपलांचा आवाज येतो.

पण आपल्यावर जे गेलं त्यातून आपल्याला एक गोष्ट इतरांपेक्षा बरी कळायला हवी. माझ्या सासूबाईंच्या पेन्शनच्या कागदासाठी मी त्यांना घेऊन एका कचेरीत गेले होते. अर्ज कन्नडात. खिडकीतून उत्तर आलं, 'कन्नडात भरून आणा.' सासूबाई आयुष्यभर शेत राबलेल्या, नऊवारी नेसलेल्या. कागद उलटा-सुलटा करत तिथंच उभ्या राहिल्या. आपल्याच जिल्ह्यात त्या परक्या झाल्या होत्या. तेवढ्यात तिथला एक शिपाई, कन्नड मुलगा, जेवणाचा डबा हातात घेऊन बाहेर आला. डबा बाजूला ठेवला, व्हरांड्यात त्यांच्याशेजारी खाली बसला आणि पेन काढलं. "अज्जी, पोरं किती तुमचं?" अशा मोडक्या मराठीत एकेक विचारत त्यानं अख्खा अर्ज भरून दिला. आतून त्याला दोनदा हाक आली. तो उठला नाही. जेवणाची सुट्टी संपली, डबा तसाच राहिला.

सीमाप्रश्नाचा निकाल त्या मुलानं लावला नाही. माझी मागणीही त्यानं कमी केली नाही, मी पुढच्या नोव्हेंबरला फेरीत होतेच. पण त्या दिवसानंतर खिडकीमागच्या माणसाला आणि कन्नड माणसाला मी एक समजले नाही. तुझ्या भावाला सांग, ती लाल फ्रॉकवाली मुलगी म्हणजे तुझी आजी आहे, कचेरीच्या खिडकीसमोर उभी असलेली. आपली भाषा मागायचा हक्क ज्याला हवा आहे, त्यानं दुसऱ्या भाषेत मागितलेलं पाणी नाकारू नये. शाळेसाठीही तू भावाबरोबर उभी राहा. शाळेची एसडीएमसी, म्हणजे पालकांची शाळा समिती, शेवटची कधी बसली, तिच्या बैठकीला तुमच्या घरातून कुणी जातं का, हे त्याला विचार. दोन्ही कामं एका घरात होऊ शकतात.

पाण्याविषयी तुला एक सोपं उत्तर सुचलं असेल. खानापूर कुंभारांचं गाव, तिथून मोठा रांजण आणावा, टोळीच्या खोपींजवळ झाडाखाली ठेवावा, गावच्या पोरांनी आळीपाळीनं भरावा. पाणपोई आपल्याकडे जुनीच रीत. जरूर ठेव, उन्हं तापायला लागली की फडातून येणाऱ्याला तो रांजण दिसला तर बरं वाटेल. पण तेवढ्यावर थांबायला माझं मन घेत नाही. रांजण ठेवला की गाव खूश होईल, कारण नळावर कुणी यायचं कारण उरणार नाही. 'त्यांचं पाणी तिकडे, आपलं इकडे.' हे वाक्य आपल्या मुलखात फार जुनं आहे, लेकी, आणि ते फार माणसांनी सोसलं आहे. बाबासाहेब आंबेडकर १९२५ मध्ये आपल्या निपाणीला बहिष्कृत वर्गाच्या परिषदेला आले होते. पुढे दोन वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांनी ओंजळीनं पाणी घेतलं. ते नुसतं तहानेसाठी नव्हतं. इतरांसारखीच आम्हीही माणसं, हे सांगण्यासाठी होतं. रांजणानं तहान भागेल. पण हाकलल्यावर ती पोर मान खाली घालून वळली, त्याचं काय करायचं ते नळावरच करावं लागेल.

आणि तिथं तू म्हणतेस, धाडस नाही. मी पंचवीसएक वर्षं वर्गात काढली. कविता म्हणायला उभी राहा म्हटलं की बाकाखाली बघणारी एक मुलगी माझ्या वर्गात होती. वर्षभर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. एकदा वर्गात काचेची बाटली फुटली आणि मी चुकून तिच्या शेजारणीला रागावले. ही ताडकन उठली. "बाई, तिनं नाही फोडली!" सगळा वर्ग तिच्याकडे बघत राहिला, मीही. कविता म्हणायचं धाडस तिला त्यानंतरही झालं नाही. ते साठवून ठेवायचं भांडं तिच्याकडे नव्हतंच. शेजारची तिची होती, म्हणून ती उठली. मी पुरत्या विश्वासानं सांगते, त्या लाल फ्रॉकच्या मुलीचं नाव तुला माहीत असतं, तिच्या आईबरोबर तू एकदा चहा घेतलेला असता, तर त्या सकाळी तू गप्प राहिली नसतीस. तुला वाटतं आधी धाडस यावं आणि मग जावं. तू आधी जा.

जाशील ती एकटी जाऊ नकोस, आणि अंधार पडल्यावर तर नाहीच. तू कमावती आहेस, पण लग्न न झालेल्या मुलीविषयी गाव काय बोलतं ते तुलाही ठाऊक आहे. त्या बोलण्याला घाबरायचं नाही, पण त्याला फुकटचं निमित्तही द्यायचं नाही. अंगणवाडीच्या ताईंना बरोबर घे. रविवारी दुपारी जा, गाडी भरायची नसेल तर बायका खोपीवर सापडतील. मुकादमाला टाळू नकोस, पहिल्यांदा त्याच्याशीच बोल. तुझ्यामुळे काम अडेल असं त्याला वाटलं तर त्याचा ताप तुला होणार नाही, त्या बायकांना होईल. त्याला सांग, लहान पोरं दिवसा सुरक्षित ठिकाणी असली तर फडात साप-विंचवाची, गाडीखाली येण्याची भीती कमी. हे त्यालाही पटेल. एखाद्या मुलाला मारहाण होताना दिसली किंवा कुणाला डांबून ठेवलंय असं कळलं, तर मात्र स्वतः मध्ये न पडता १०९८ ला फोन कर. तो मुलांसाठीचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत.

रील करू नकोस. त्या मुलीला विचारून तिचा फोटो काढला असं कुणी म्हणेल, पण पाणी देणाऱ्याला 'नको' म्हणायची तिला मुभा आहे का?

आता नळाचं. तिथं तुला भाषण करायचं नाही, कुणाची लाज काढायची नाही. रविवारी तिच्या आईला सांगून ये की पाण्याच्या दिवशी साडेपाचला मुलीला माझ्याकडे पाठवा. ती आली की तिचं नाव घेऊन तिला हाक मार, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं. भाऊ तुझ्या कडेवर घे, म्हणजे कॅन धरायला तिचे हात मोकळे होतील. दोघी रांगेत उभ्या राहा. कुणी काही बोललं तर 'माझ्याबरोबर आहे' इतकंच म्हण. पाणी पुरत नाही हे खरं आहे, म्हणून दुसऱ्या कुणाच्या वाटणीला हात लावायचा नाही. तुझा नंबर आला की घागर बाजूला कर आणि तिचा कॅन नळाखाली लाव. तो नंबर तुझा होता, तू कुणाला द्यायचा ते तूच ठरवणार, त्यावर रांगेतल्या कुणालाही बोलता येणार नाही. कॅन भरला की तिला वाटेला लाव आणि तुझी रिकामी घागर घेऊन पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहा.

तुझी,
काकू